झोळीतली नऊ मिनिटं

मी जमिनीपासून साडेतीन फूट वर होते. अंगाखाली निळ्या जाड कापडाची झोळी. झोळीचे चार पट्टे वरच्या दांड्याला अडकवलेले, दांडा मशीनच्या लोखंडी हाताला. गुडघे छातीपाशी आलेले. गणवेशाची सलवार पोटरीच्या वर सरकली होती. ती खाली ओढायला हात पोचत नव्हता.

समोर खुर्च्यांवर चाळीसेक माणसं. विश्वस्त, देणगीदार, रुग्णांचे नातेवाईक. शनिवारची सकाळ. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्यामुळे वेळ नक्की सांगता येते. अकरा वाजून दहा मिनिटांनी मला उचललं.

मशीनचा रिमोट संचालिका मॅडमच्या हातात होता. डेमो द्यायला कंपनीचा माणूस आला होता, पण रिमोट त्यांनी त्याच्याकडून घेतला. वजनदार रुग्णांना उचलायचं मशीन केंद्राला देणगीत मिळालं होतं. ते ज्यांच्यासाठी आलं होतं त्या बाई हॉलच्या कडेला आपल्या खाटेवर होत्या. त्यांनी डेमोसाठी लटकायला साफ नकार दिला होता. मग मॅडमनी रुग्णांना उचलणाऱ्या आम्हा चौघींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या मावशींना घाला. वजन कमी आहे, पट्टा तुटायची भीती नाही."

माझं वजन सत्तेचाळीस किलो. वय तेहतीस. मॅडमचं वय पंचावन्न. केंद्रात काम करणारी प्रत्येक बाई त्यांची मावशी होती.

मी वर गेल्यावर मॅडमनी भाषण सुरू केलं. "आमच्या केंद्रात रुग्णाची प्रतिष्ठा सर्वांत वर." झोळी हळूहळू गोल फिरत होती. एकदा माणसं दिसायची, एकदा भिंत.

कंपनीचा माणूस पुढे आला. "मॅडम, माणूस वर असताना थांबायचं नसतं. खाली घेऊ का?"

"अहो, दोन मिनिटं. मावशी कुठे पळून जाणारेत?"

माणसं हसली. पहिल्या रांगेतले सर्वांत ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी मान वर करून विचारलं, "काय मावशी, वरून पर्वती दिसते का?"

यावर मोठं हसू झालं. कडेच्या खाटेवरून बाईंचं हसू ऐकू आलं. त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. त्यांना महिन्यातून एकदा भेटायला येणारा भाचा शेजारी उभा होता. तो मोबाईलवर चित्रण करत होता.

मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "हे रोज वापरणार का तुम्ही?"

मॅडम म्हणाल्या, "रोज कुठे काढत बसायचं. तपासणी असली, पाहुणे असले की काढायचं. रोजला ह्या आहेत ना चौघी. ह्यांच्या हाडांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. आपण वाकलो तर आपली कंबर जाते."

अकरा एकोणीसला मला खाली घेतलं. नऊ मिनिटं.

लगेच एक कागद फिरवला. यंत्र वापरण्याचे प्रशिक्षण मिळाले, असं वर छापलेलं आणि खाली आम्हा चौघींची नावं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, प्रशिक्षणाला दोन दिवस लागतात. प्रत्येकीने स्वतः चालवून बघायला पाहिजे."

"बघितलं ना सगळ्यांनी? झालं तर मग. सह्या करा गं."

मी डाव्या हाताने सलवार खाली ओढत होते. उजव्या हाताने सही केली.

*

केंद्र मांजरी गावाच्या पुढे आहे. एका बाजूला उसाचं शेत, दुसऱ्या बाजूला चौदा मजल्यांच्या नव्या इमारती. मी खडकीहून दोन बस बदलून यायचे. बारावी झाल्यावर रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स केला होता. मुलाखतीत मॅडमनी प्रमाणपत्र पाहिलं नाही. अर्जावरचं आडनाव पाहिलं.

"खडकीला कुठे?"

"कारखान्याच्या क्वार्टर्समागे."

"वडील?"

"दारूगोळा कारखान्यात होते. निवृत्त झाले."

"अच्छा. म्हणजे कोट्यातले." मग शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरकडे वळून त्या म्हणाल्या, "हिला उचलायला घ्या. किचनकडे नको."

आमच्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी खाली मान घालून बोलत नाही, असं वडील सांगतात. मी त्या दिवशी मान खाली घालून म्हटलं, "चालेल मॅडम."

उचलणाऱ्या चौघी एका प्रकारच्या आडनावांच्या होत्या. जेवणपाणी देणाऱ्या तिघी दुसऱ्या प्रकारच्या. माझा हात रुग्णाच्या पाठीखाली चालायचा. मांडीखाली चालायचा. भांडं द्यायला, पुसायला, जखम धुवायला चालायचा. पाण्याच्या ग्लासाला चालत नसे. रुग्णाला तहान लागली तर बेल वाजवून किचनमधली मुलगी येईपर्यंत उभं राहायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो कोणी मोडतही नव्हतं. मीही नाही.

हाडांबद्दल मला माहिती आहे ती अशी. वडील कारखान्यात क्रेनवर मजूर होते. तिथे प्रत्येक हुकावर, प्रत्येक साखळीवर ती किती वजन पेलते ते लिहिलेलं असे. पेटी उचलायच्या आधी पेटीचं वजन वाचायचं, मग साखळीवरचा आकडा वाचायचा. वजन हवेत असताना क्रेन सोडून कोणी हलायचं नाही. हे नियम मोडले की त्याच दिवशी लेखी जाब विचारत. आई मंडईत पाटी उचलायची. गिऱ्हाइकाची भाजी डोक्यावर घेऊन रिक्षापर्यंत किंवा घरापर्यंत पोचवायची. पाटीत किती वजन आहे हे कोणी वाचत नसे. "बसेल की अजून एक भोपळा," एवढंच तिला ऐकू यायचं.

वडील आज सत्तरीत सरळ चालतात. आईची मान पन्नाशीतच डावीकडे कलली. तिच्या एक्स-रेमधले मणके मी पाहिले आहेत. दोघं एका घरातली, एका समाजाची, एकच भाकरी खाणारी. एकाच्या कामाला नियम होता, दुसरीच्या नव्हता. सवय कोणाच्याच हाडांना नव्हती.

*

बाईंचं वजन एकशे चौसष्ट किलो होतं. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावर गुडघे गेले, मग पायांना सूज आली, मग चालणं बंद झालं. मी पहिल्यांदा खोलीत गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "एकशे चौसष्ट. आधीच सांगते. नंतर तोंडं करू नका."

ऑफिसात मॅडम त्यांना डबल बेड म्हणायच्या. आम्हीही ते नाव घेऊन हसायचो. हे लिहायला हवं.

उचलायची आमची पद्धत चादरीची. बाईंना एका कुशीवर करायचं, खाली दुहेरी घडीची चादर सारायची, परत दुसऱ्या कुशीवर करून ती ओढून घ्यायची. मग चार कोपरे चौघींनी मुठीत गुंडाळायचे. आमच्यातली सुमनताई आकडे मोजायची. तीन म्हटलं की चौघींनी एकदम उचलून खाटेवरून चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकीच्या वाट्याला एक्केचाळीस किलो. ते कागदावर. प्रत्यक्षात ज्या बाजूला बाई घाबरून झुकतील त्या बाजूला साठ. मनगटाच्या शिरा रात्रभर उडायच्या. बाईंच्या पाठीची कातडी चादरीला घासून सोलायची. त्या ओरडत नसत. "झालं का? झालं का?" एवढंच म्हणत राहायच्या.

मशीन डेमोच्या दुसऱ्याच दिवशी स्टोअरमध्ये गेलं. त्याच्यावर प्लास्टिक चढवलं. रिमोट मॅडमच्या कपाटात. सुमनताईने एकदा विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "महागाचं आहे. तुमच्या हातात दिलं तर दोन दिवसांत भंगार."

सुमनताई मांजरीचीच. वय बेचाळीस. तिने बाहेर येऊन मला सांगितलं, "मशीनला जपतेत. आपन स्वस्त हाय."

डेमोचं चित्रण केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर आलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. किचनमधल्या मुली मला बघून पर्वती दिसते का विचारू लागल्या. मी ते फोनवरून काढून टाकलं आणि गट सोडला. घरी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, पुसलं की गेलं.

*

डेमोनंतर आठेक महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला बाईंना आंघोळीनंतर खाटेवर घ्यायचं होतं. चौघींपैकी दोघी नव्हत्या. मॅडमच्या घरी कार्यक्रम होता, तिथे सतरंज्या उचलायला त्यांना नेलं होतं. खोलीत मी आणि सुमनताई. बाई ओल्या अंगाने आंघोळीच्या खुर्चीत बसलेल्या, अंगावर टॉवेल. थंडीचे दिवस होते.

मी सिस्टरना म्हटलं, "दोघींनी होणार नाही. मशीन काढा."

सिस्टरनी मॅडमना फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे उत्तर आम्ही तिघींनी आणि बाईंनीही ऐकलं. "एवढ्यासाठी मला फोन? रिमोट कपाटात आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, मी घरी आहे. काय करायचं ते करा. आणि तिला फार वेळ ओली ठेवू नका, नातेवाईक तक्रार करतात."

सिस्टर फोन ठेवून बाहेर गेल्या. बाई कुडकुडत होत्या. सुमनताईने माझ्याकडे पाहिलं. "घे गं. बघू."

खोलीत त्या वेळी अजून एक रस्ता होता. बाईंना कोरडं करून, दोन ब्लँकेट गुंडाळून खुर्चीतच बसवून ठेवायचं, आणि मशीन येईपर्यंत हात लावायचा नाही. तो आम्हाला सुचला नाही. आम्हाला फक्त उचलायला शिकवलं होतं.

चादर पाठीमागून घातली. तिला मधोमध शिवण होती, जुनी, दोनदा दुरुस्त केलेली. सुमनताईने तीन म्हटलं. बाई खुर्चीतून वर आल्या. खुर्ची आणि खाट यांच्या मधे शिवण फाटली.

मी माझा कोपरा धरून मागे पडले. सुमनताईने चादर सोडली आणि दोन्ही हात बाईंच्या काखेत घातले. सोडलं असतं तर बाईंचं डोकं खाटेच्या लोखंडावर गेलं असतं. तिने सोडलं नाही. बाईंचं सगळं वजन अंगावर घेत ती त्यांच्याबरोबर हळूहळू जमिनीपर्यंत गेली. मधे तिच्या पाठीतून एक आवाज आला. सुमनताई ओरडली नव्हती. तिच्या तोंडातून नुसता श्वास गेला.

बाईंच्या नडगीला चार इंच जखम झाली. डोकं शाबूत राहिलं. सुमनताई फरशीवर कुशीवर पडली होती. ती म्हणाली, "माझा डावा पाय कुठं हाय?"

पाय जागेवर होता. तिला तो जाणवत नव्हता.

*

पाचव्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बस," म्हणाल्या. त्याआधी दोन वर्षांत मी त्या खोलीत बसले नव्हते.

टेबलावर दोन कागद. पहिला माझा जबाब, टाइप केलेला. घटनेच्या वेळी मी खोलीबाहेर होते. सुमन यांनी कोणालाही न विचारता, यंत्र उपलब्ध असताना, रुग्णाला एकट्याने उचलले.

"सही कर. विश्वस्तांची चौकशी आहे बुधवारी. फॉर्मॅलिटी."

"सुमनताईचं काय होणार?"

"नियम मोडला तिने. मग केंद्राची जबाबदारी राहत नाही. साधी गोष्ट आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "तुला पुढच्या महिन्यापासून किचनला घेते. जेवण, पाणी, औषधं. उचलायचं काम बंद. तू शिकलेली आहेस, तुला ते शोभत नाही."

दोन वर्षं ज्या ग्लासाला मी हात लावायचा नाही, तो ग्लास त्यांनी माझ्यासमोर ठेवला. खरंच ठेवला. पाण्याने भरलेला. "घे, पाणी पी."

मी विचारलं, "मशीन वापरायला आम्हाला शिकवलं कुठे?"

त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. आमच्या चौघींच्या सह्यांचा. त्याला एक फोटो जोडलेला होता. झोळीत मी. गुडघे छातीशी, पोटऱ्या उघड्या, तोंड भिंतीकडे. खाली टाइप केलं होतं: प्रशिक्षण घेताना कर्मचारी.

तो फोटो मी बराच वेळ पाहिला. तोपर्यंत मला वाटत होतं की त्या दिवशी माझी चेष्टा झाली. लोक हसले, विसरले, संपलं. तसं नव्हतं. त्यांनी मला नऊ मिनिटं लटकवलं, त्याला प्रशिक्षण म्हटलं, माझीच सही घेतली, आणि आता त्या सहीने सुमनताईची पाठ दुसऱ्यांदा मोडणार होते. माझ्या हाताने.

मी पाणी प्यायले नाही. म्हटलं, "उद्या सांगते."

घरी येऊन आईवडिलांसमोर सगळं सांगितलं. डेमोचंही. आई ऐकत राहिली. वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "तू वर असताना रिमोट कोणाच्या हातात होता?"

"मॅडमच्या."

"मग जबाब त्यांनी द्यायचा. तू कशाला?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनच्या दारातूनच सांगितलं, "सही करणार नाही. आणि आजपासून बाईंना चादरीने उचलणार नाही. मशीन काढा."

मॅडमनी मान वर केली नाही. "मग त्या खाटेवरच राहतील. त्यांना सांग, तुझ्यामुळे."

मी बाईंना तसंच सांगितलं. एक शब्द बदलला नाही. बाई छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सिस्टरना बोलवा. निरोप द्यायचाय." सिस्टर आल्यावर त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "ऑफिसात सांगा, मी चादरीत जाणार नाही. जेवणारही नाही. आणि भाच्याला फोन करून हे सगळं सांगणार आहे. तो बोलका आहे."

दुपारी रिमोट आला. मशीनवर कंपनीच्या माणसाचा नंबर चिकटवलेला होता. मी फोन केला, तो स्वतः आला. साडेतीन तास त्याने आम्हा तिघींना शिकवलं. आधी झोळीवरचा आकडा वाचायचा: दोनशे किलो. मग बाईंचं वजन. झोळी मांडीखालून कशी घ्यायची, चाकाला ब्रेक कधी लावायचा, कधी नाही. सर्वांत आधी रुग्णाला विचारायचं. वर असताना त्याच्याशी बोलत राहायचं आणि थांबायचं नाही. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीच तो सांगत होता.

बाईंना आम्ही खाटेवरून खुर्चीत घेतलं. पाऊण मिनिट लागलं. त्यांचा एक हात मी धरला होता. खाली टेकल्यावर त्यांनी डोळे उघडले. "झालं?" म्हणाल्या. "एवढंच होतं?"

मग मी त्यांच्याकडे चित्रण मागितलं. भाच्याने ते त्यांच्या फोनवर पाठवलं होतं, हे मला माहीत होतं.

"कशाला हवंय?"

"चौकशीत दाखवायला."

बाई फोन हातात धरून बसल्या. "मी हसलेय त्यात."

"हो. ऐकू येतं."

"तुम्हाला वर बघून मला बरं वाटलं होतं. माझ्या जागी दुसरं कोणी होतं म्हणून." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "हे माफ करण्यासारखं नाही, माहितीय मला."

त्यांना वाटत असेल की मी म्हणेन, जाऊ द्या बाई. मी म्हटलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. झोळी मात्र नीट लावली होती, आणि पुढेही नीट लावली.

त्यांनी चित्रण पाठवलं. अकरा मिनिटं चार सेकंद.

*

बुधवारी दुपारी तीन वाजता हॉलमध्ये चौकशी झाली. तोच हॉल, तेच घड्याळ. टेबलामागे तीन विश्वस्त. मधे काका. शेजारी मॅडम, त्यांच्यापुढे सह्यांचा कागद. सुमनताईला तिच्या नवऱ्याने धरून आणलं होतं. ती खुर्चीत एका बाजूला कलून बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. यंत्र होतं, प्रशिक्षण दिलं होतं, सह्या आहेत, फोटो आहे.

काका म्हणाले, "मावशी, तुम्हाला काही सांगायचंय? थोडक्यात सांगा."

मी म्हटलं, "सांगायचं नाही. दाखवायचंय."

डेमोच्या दिवशीचा मोठा पडदा हॉलमध्ये अजून होता. सिस्टरनी माझा फोन त्याला जोडला. त्यांनी हे का केलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पडद्यावर मी वर गेले. फोनवर होते त्यापेक्षा दहापट मोठी. उघड्या पोटऱ्या, भिंतीकडे वळणारं तोंड. हे मी एकदा पुसलं होतं. त्या दिवशी मी मान वर करून पाहिलं आणि पाहत राहिले. आठ महिने मला जिची लाज वाटत होती ती बाई मी होते, पण ती लाज माझी नव्हती, हे मला तिथे, त्या खुर्चीत बसून कळलं.

मॅडमचं भाषण सुरू झालं. रुग्णाची प्रतिष्ठा सर्वांत वर.

"यात चौकशीचा काय संबंध?" मॅडम म्हणाल्या.

"शेवटी आहे," मी म्हटलं.

"मग शेवटचं लावा ना. पुढे घ्या."

"नाही."

पडद्यावरचा कंपनीचा माणूस म्हणाला, माणूस वर असताना थांबायचं नसतं. पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, मावशी कुठे पळून जाणारेत. मग काकांचा आवाज आला. काय मावशी, वरून पर्वती दिसते का? हॉलभर हसू. टेबलामागचे काका चष्मा काढून पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

पाचव्या मिनिटाला मॅडमचं हाडांचं वाक्य आलं. प्रत्येक शब्द स्वच्छ. रोजला ह्या आहेत ना चौघी. सुमनताईने पहिल्यांदा मान उचलून पडद्याकडे पाहिलं.

काका म्हणाले, "पुरे. कळलं आम्हाला. बंद करा ते."

मी उभी राहिले. "मला खाली घेतील तेव्हा पुरे होईल. अजून चार मिनिटं आहेत."

"अहो, पण..."

"तेव्हा तुम्हाला घाई नव्हती. आज का आहे?"

चित्रण चालू राहिलं. चार मिनिटं फार मोठी असतात. मॅडमनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, एकदा हातातल्या किल्ल्यांकडे. पडद्यावर मी गोल फिरत होते. मी मॅडमच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. त्यांना तिथे अडकलेलं बघून मला बरं वाटलं. हे लपवायचं कारण नाही. मी त्यासाठीच आले होते.

दहाव्या मिनिटाला कागद फिरला. प्रशिक्षणाला दोन दिवस लागतात. बघितलं ना सगळ्यांनी? झालं तर मग. पडद्यावर मी एका हाताने सलवार ओढत दुसऱ्याने सही केली.

चित्रण संपलं. सुमनताई हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिकवलं त्ये येवढंच हाय, साहेब."

विश्वस्तांनी निर्णय राखून ठेवला. तो आजपर्यंत राखून ठेवलेला आहे. पुढच्या सोमवारी मला कामावरून कमी केलं, कारण दिलं नाही. त्याच दिवशी मी चित्रणाची प्रत, सह्यांच्या कागदाचा फोटो आणि माझा खरा जबाब घेऊन कामगार कार्यालयात गेले. सुमनताईच्या तक्रारीखाली साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे. तो कागद मी दोनदा वाचून सही केली. बाईंनी खाटेवरून लेखी जबाब पाठवला. त्यात आपण हसलो होतो हेही लिहिलं आहे.

आता मी दुसरीकडे काम करते. प्रत्येक नव्या रुग्णाच्या खाटेपाशी जायच्या आधी विचारते, मशीन कुठे आहे, रिमोट कोणाकडे आहे. नव्या मुली आल्या की त्यांना जेवणाच्या सुट्टीत ते चित्रण दाखवते. सगळं. मधेच थांबवू देत नाही.

गेल्या आठवड्यात सिस्टरकरवी मॅडमचा निरोप आला. ते चित्रण काढून टाक. पोरींना दाखवत फिरतेस म्हणे, त्यात तुझीच अब्रू जाते. झालं गेलं ते मिटवू. आपण माणसं आहोत.

मी उत्तर लिहून पाठवलं. ते इथे जसंच्या तसं देते.

मॅडम, लटकत होते ती मी. रिमोट तुमच्या हातात होता. आता तो माझ्या हातात आहे आणि तुम्ही वर आहात. ज्या दिवशी सुमनताई स्वतःच्या पायांवर सरळ उभी राहील त्या दिवशी मी तुम्हाला खाली घेईन.

डॉक्टरांनी सांगितलं आहे, ती उभी राहणार नाही.